फ्रायबेरूफ्लरचा निवास परवाना वाढवताना: पडतीचे वर्ष, हिरवा कागद आणि डिसेंबरची तिकिटे

ओंजळभर | 28 ऑगस्ट

मंडळी, जर्मनीत स्वतंत्र व्यावसायिक म्हणून, म्हणजे फ्रायबेरूफ्लर म्हणून, राहणाऱ्यांचा सल्ला हवा आहे. माझे वय 41 असून मी मराठी, हिंदी आणि जर्मन या भाषांमध्ये अनुवादाचे व दुभाषाचे काम करते. निवास कायद्याच्या कलम 21, उपकलम 5 खाली तीन वर्षांपूर्वी मिळालेला माझा परवाना 14 नोव्हेंबरला संपतो आहे.

अडचण अशी की गेले वर्ष पडतीचे गेले. त्याआधीच्या वर्षी 41,600 युरोंची उलाढाल होती, ती गेल्या वर्षी 29,300 वर आली आणि खर्च वजा जाता नफा 22,400 युरो राहिला. यंदाचे आठ महिने बरे गेले आहेत, परंतु त्यांचा अधिकृत हिशेब अजून झालेला नाही. अशा वेळी गेल्या वर्षीचे आकडे घेऊन आताच अर्ज करावा, की ऑक्टोबरपर्यंत थांबून यंदाचे नऊ महिने हातात घेऊन जावे?

दुसरा प्रश्न घरगुती आहे. 8 डिसेंबरला भावाच्या लग्नासाठी भारतात जायचे आहे आणि तिकिटे काढून झाली आहेत. तोवर नवे कार्ड आले नाही, तर जाता येईल का, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे परत येता येईल का?

कागदवेडा | 28 ऑगस्ट

थांबू नका. पहिल्या प्रश्नाचे उत्तर एवढेच आहे, पण त्यामागचे कारण समजून घेतलेत तर पुढचे दोन महिने शांत झोप लागेल.

निवास कायद्याचे कलम 81, उपकलम 4 सांगते की परवाना संपण्याआधी मुदतवाढीचा अर्ज केला असेल, तर निर्णय होईपर्यंत जुना परवाना चालू असल्याचे मानले जाते. म्हणजे कामाचा हक्कही त्यात आला. त्याचा पुरावा म्हणून जो कागद देतात, त्याला फिक्शन्सबेशायनिगुंग म्हणतात आणि आपण सगळे त्याला नुसते ‘फिक्शन’ म्हणतो. ही सवलत वेळेत अर्ज करणाऱ्यालाच हक्काने मिळते. 15 नोव्हेंबरला अर्ज केलात, तर तुम्ही अधिकाऱ्याच्या मर्जीवर गेलात.

अर्ज म्हणजे भेटीची वेळ नव्हे, हेही लक्षात ठेवा. अनेक जण टर्मिन मिळण्याची वाट पाहत बसतात आणि दरम्यान तारीख उलटते. ऑनलाइन अर्ज भरा, पोचपावती जपून ठेवा आणि ऑनलाइन सोय नसेल तर पत्र पोच घेऊन पाठवा.

रात्रपाळी | 28 ऑगस्ट

भावाच्या लग्नाचा मुहूर्त निदान पंचांगात छापलेला असतो. टर्मिनचा मुहूर्त कार्यालयाच्या संकेतस्थळावर पहाटे उगवतो आणि पाच मिनिटांत मावळतो.

सातबारा_उतारा | 29 ऑगस्ट

कागदवेडा यांच्याशी माझे मत जुळत नाही. मी गेल्या वेळी पडतीच्या वर्षाचा करनिर्धारणाचा आदेश घेऊन गेलो होतो आणि तीन वर्षांऐवजी एकाच वर्षाची मुदतवाढ हातात पडली. दरवर्षी तीच कागदपत्रे, तेच शुल्क आणि तोच जीव टांगणीला. थोडे थांबून चांगले आकडे दाखवता आले असते, तर ते टळले असते, असे मला आजही वाटते.

कागदवेडा | 29 ऑगस्ट

सातबारा, तुमचे दुःख खरे आहे, पण निष्कर्ष मला पटत नाही. अर्ज आज केला तरी कागद नंतर जोडता येतात. ऑगस्टमध्ये अर्ज, ऑक्टोबरमध्ये नऊ महिन्यांचा जमाखर्च, अशी पुरवणी देण्यास कोणीही मनाई केलेली नाही. अधिकारी बहुधा तुमची फाइल उघडतो तेव्हाचे चित्र पाहतो, आणि ती फाइल तो ऑगस्टमध्ये उघडेल अशी आशा तुमच्या शहरात कोणाला असल्यास त्याने हात वर करावा.

हिशेबनीस | 29 ऑगस्ट

मी येथे एका श्टॉयरबेराटरच्या, म्हणजे करसल्लागाराच्या, कार्यालयात काम करते आणि अशा फायली आठवड्यातून दोन-तीन तरी हाताखालून जातात. उलाढाल किती घसरली याकडे अर्जदार जितके पाहतात, तितके अधिकारी पाहत नाहीत. त्यांचा पहिला प्रश्न असतो तो उदरनिर्वाहाचा: ही व्यक्ती सरकारी मदतीशिवाय जगू शकते का?

ओंजळभर यांचे आकडे घेऊन दाखवते. 22,400 भागिले बारा म्हणजे महिन्याला सुमारे 1,866 युरो. सरकारी आरोग्यविमा स्वेच्छेने घेतलेला असेल तर दीर्घकालीन शुश्रूषेच्या विम्यासह सुमारे 390 जातील आणि आयकर साधारण 100 धरू. उरले 1,376. आता दुसरी बाजू. एकट्या प्रौढ व्यक्तीसाठी मूलभूत गरजेची रक्कम 563 युरो आहे आणि तिच्यात गरम पाणी-हीटिंगसकट घरभाडे मिळवायचे. भाडे 640 धरले तर बेरीज 1,203 होते. म्हणजे महिन्याला 173 युरो शिल्लक. फार ऐसपैस नाही, पण निकषाच्या वर आहे.

भाड्याचा आकडा मी अंदाजाने घेतला आहे. तुमचा खरा आकडा घालून पाहा. कुटुंब असेल तर गणित वेगळे होते, मात्र किंडरगेल्ड (मुलांसाठीचा भत्ता) आणि एल्टर्नगेल्ड (बाळ झाल्यावर पालकांना मिळणारा भत्ता) घेतल्याने कोणी सरकारी मदतीवर आहे असे धरत नाहीत, हे पुष्कळांना ठाऊक नसते आणि ते उगाचच घाबरून राहतात.

ओंजळभर | 29 ऑगस्ट

हिशेबनीस, आपले अंदाजाने धरलेले भाडे नेमके माझेच निघाले. 640! आज पहिल्यांदाच थोडे बरे वाटते आहे.

सातबारा_उतारा | 30 ऑगस्ट

हिशेबनीस यांच्या गणितात माझे घर बसले नसते, कारण तेव्हा मी स्वस्तातला विमा घेतला होता. परदेशी पाहुण्यांसाठी असणारी, मुदतीची पॉलिसी. पहिल्या वेळी ती चालून गेली, म्हणून मी निर्धास्त होतो. मुदतवाढीच्या वेळी समोरच्या बाईंनी पॉलिसीचे पान उलटून पाच वर्षांच्या मर्यादेवर बोट ठेवले आणि हा विमा पुरेसा नाही असे शांतपणे सांगितले. त्यानंतर योग्य विमा मिळवण्यात गेलेले सात आठवडे मला आठवायचेही नाहीत. नवीन येणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी हा निर्णय नीट घ्यावा. खासगी विम्यातून सरकारी विम्याकडे परतणे स्वतंत्र व्यावसायिकाला सोपे नसते आणि वयाच्या 55 नंतर तर ती वाट जवळजवळ बंद होते.

आडवाट | 30 ऑगस्ट

प्रवासाच्या प्रश्नाकडे कोणीच वळले नाही, म्हणून मी लिहितो.

फिक्शनचा कागद घडीचा असतो. तो उघडला की आत चौकोनांची एक यादी दिसते आणि त्यांपैकी एकावर खूण केलेली असते. तिसऱ्या चौकोनावर खूण असेल, म्हणजे उपकलम 4 नुसार जुना परवाना चालू असल्याचे मानले आहे, तर पासपोर्ट व जुने कार्ड सोबत ठेवून देशाबाहेर जाता येते आणि परतही येता येते. पहिल्या चौकोनावर खूण असेल, तर तुमचे येथले राहणे वैध आहे, पण एकदा बाहेर गेलात की त्या कागदाच्या जोरावर परत येता येत नाही. एका खुणेचा फरक आहे.

माझा अनुभव सांगतो. कागद बरोबर होता, खूणही बरोबर होती. परतताना मुंबईच्या विमानतळावर एका विमान कंपनीच्या खिडकीवरील मुलीने असा कागद कधीच पाहिला नव्हता. तिने तो उजेडात धरून पाहिला, दोनदा फोन केला, एका वरिष्ठाला बोलावले आणि चाळीस मिनिटांनी मला विमानात बसू दिले. फ्रँकफुर्टला उतरल्यावर सीमा पोलिसाने त्याच कागदाकडे चार सेकंद पाहिले. तेव्हा विमानतळावर लवकर पोहोचा, थेट विमान घ्या आणि तिसऱ्या देशात थांबा घेऊ नका, कारण तिथल्या अधिकाऱ्याने तुमचा कागद ओळखलाच पाहिजे असे काही नाही.

रात्रपाळी | 30 ऑगस्ट

‘फिक्शन’ नावाचा कागद दाखवून कोणाला खरेपणा पटवायचा, हे मुळातच अवघड काम आहे.

वळणावर | 31 ऑगस्ट

थोडे विषयाला सोडून, पण अगदीच नाही. या सगळ्या खटाटोपापेक्षा एखादी नोकरी धरून ब्लू कार्ड, म्हणजे चांगल्या पगाराच्या उच्चशिक्षित नोकरदारांचा निवास परवाना, का घेऊ नये? कुशल कर्मचाऱ्यांना नोव्हेंबर 2023 पासून तीन वर्षांत कायमस्वरूपी परवान्याचा मार्ग खुला आहे. फ्रायबेरूफ्लरला पाच वर्षे थांबावे लागते. गणित सरळ दिसते.

आडवाट | 31 ऑगस्ट

वळणावर, गणित सरळ आहे, पण उदाहरण वेगळे आहे. अनुवादकाला ब्लू कार्डाच्या पगाराची नोकरी कोण देणार? आणि पाच वर्षांबद्दल एक बारकावा लिहून ठेवतो, कारण यात फार गोंधळ होतो. कलम 21 मध्ये तीन वर्षांनी कायमस्वरूपी परवान्याची सवलत आहे, ती उद्योजकांसाठी, म्हणजे उपकलम 1 वाल्यांसाठी. उपकलम 5 मध्ये फ्रायबेरूफ्लरना ती लागू नाही असे स्पष्ट लिहिले आहे. अनेक जण ‘स्वयंरोजगाराला तीन वर्षे’ असे कुठेतरी ऐकतात आणि हिरमुसून परत येतात.

अर्धविराम | 31 ऑगस्ट

पाच वर्षांचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. माझे वय 47. कायमस्वरूपी परवान्यासाठी निवृत्तिवेतन विम्यात 60 महिन्यांचा भरणा किंवा त्याच्या तोडीची तरतूद दाखवावी लागते. बहुतेक फ्रायबेरूफ्लरना हा विमा सक्तीचा नसतो, म्हणून कोणी भरत नाही आणि पाचव्या वर्षी डोक्याला हात लावतात. मी तेच केले. स्वेच्छेने भरता येते. गेल्या वर्षीचे हप्ते यंदाच्या 31 मार्चपर्यंत भरता येतात, त्याहून मागचे सर्वसाधारणपणे नाहीत. म्हणजे वेळ निघून गेली की पैसे असूनही उपयोग नाही.

ओंजळभर, तुम्ही आज 41 आहात. 45 ओलांडलेल्यांना म्हातारपणाची पुरेशी तरतूद दाखवावी, असे कलम 21 मध्येच आहे. अमेरिका, जपान यांसारख्या काही देशांच्या नागरिकांना त्यातून सूट आहे, आपल्याला नाही. माझ्याकडे मुदतवाढीच्या वेळी हा कागद मागितला गेला. परवाना तीन वर्षांसाठी मिळाला, तर त्याच्या पुढच्या खेपेला तुम्ही त्या उंबरठ्यावर असाल.

हिशेबनीस | 1 सप्टेंबर

अर्धविराम यांच्या म्हणण्यात एक भर. ज्याचे जवळजवळ सगळे उत्पन्न एकाच ग्राहकाकडून येते आणि ज्याच्याकडे कोणी कर्मचारी नाही, त्याला निवृत्तिवेतन विमा सक्तीचा होऊ शकतो. व्यवहारात सहातले पाच भाग ही रेघ धरली जाते. स्वतंत्रपणे शिकवणाऱ्यांना तर तो सक्तीचाच आहे, आणि योगवर्ग घेणाऱ्या आपल्या अनेक भगिनींना हे वर्षानुवर्षांनी पत्र आल्यावर कळते. साहित्यिक अनुवाद करणाऱ्यांसाठी व कलावंतांसाठी क्युन्स्टलरझोत्सियालकासे, म्हणजे कलावंतांचा सामाजिक विमा निधी, आहे, तिथे विम्याचा निम्माच भार आपल्यावर येतो. ओंजळभर, तुमच्या मोठ्या ग्राहकाचा वाटा किती?

ओंजळभर | 1 सप्टेंबर

एका अनुवाद संस्थेकडून साधारण 58 टक्के. बाकी न्यायालये, दोन कारखाने आणि काही किरकोळ कामे.

हिशेबनीस | 1 सप्टेंबर

मग त्या बाजूने काळजी नाही.

मधली_सुट्टी | 2 सप्टेंबर

पासपोर्टचे कोणी बोलले नाही. परवाना पासपोर्टच्या मुदतीपलीकडे देत नाहीत. माझ्या पासपोर्टला अकरा महिने उरले होते, म्हणून मला अकरा महिन्यांचे कार्ड मिळाले आणि दोष कोणाचाच नव्हता, माझा होता. पासपोर्टची मुदत थोडी उरली असेल, तर आधी दूतावासाकडे नव्या पासपोर्टचा अर्ज करा. शिवाय मे 2025 पासून फोटो डिजिटल द्यावा लागतो. घरात जपून ठेवलेले जुने चार बायोमेट्रिक फोटो आता चालणार नाहीत.

कागदवेडा | 2 सप्टेंबर

एक प्रश्न सुरुवातीलाच विचारायला हवा होता, तो राहून गेला. ओंजळभर, तुमच्या कार्डासोबत मिळालेला हिरवट घडीचा कागद, म्हणजे त्झुझात्सब्लाट, शोधून काढा. त्यावर अटी लिहिलेल्या असतात. काय करण्यास परवानगी आहे, ते शब्दशः काय लिहिले आहे? कार्ड सगळे पाकिटात ठेवतात आणि तो कागद पाकिटात मावत नाही म्हणून फायलीत टाकतात; मग तीन वर्षे तो कोणी उघडत नाही.

ओंजळभर | 3 सप्टेंबर

शोधला. जुन्या भाडेकराराच्या घडीत सापडला. त्यावर ‘अनुवादक व दुभाषी म्हणून स्वतंत्र व्यवसायास परवानगी आहे, इतर अर्थार्जनास परवानगी नाही’ या अर्थाची दोन वाक्ये आहेत.

आणि हे वाचल्यावर माझ्या मनात जे आले, ते येथे मोकळेपणाने लिहिते. दोन वर्षांपासून मोठा ग्राहक मला गुजराती व तमिळ कामेही देऊ लागला आहे. त्या भाषा मला येत नाहीत. मी ती कामे ओळखीच्या अनुवादकांकडून करून घेते, त्यांचे बिल चुकते करते आणि थोडी रक्कम वर ठेवून संस्थेला माझ्या नावाने बिल पाठवते. गेल्या वर्षीच्या नफ्यात यातून आलेले सुमारे 3,100 युरो आहेत. माझ्या लेखी तो अनुवादच होता. आज शंका येते आहे.

हिशेबनीस | 3 सप्टेंबर

शंका रास्त आहे.

आयकर कायद्याच्या कलम 18 मध्ये फ्रायबेरूफची यादी आहे आणि अनुवादक व दुभाषी हे दोन्ही व्यवसाय तिथे नावानिशी आहेत. मदतनीस घेण्यासही मनाई नाही. अट एवढी की काम तुमच्या स्वतःच्या ज्ञानाच्या बळावर, तुमच्या मार्गदर्शनाखाली आणि तुमच्या जबाबदारीवर व्हायला हवे. हिंदीचे काम तुम्ही दुसऱ्याकडून करून घेतले आणि ओळ न् ओळ तपासली, तर तुम्ही अनुवादकच राहता. तमिळ तुम्हाला वाचताच येत नसेल, तर तुम्ही काय तपासणार? भाषा न येता विकत घेतलेला अनुवाद पुढे विकणे म्हणजे गेवेर्बे, व्यापार. बुंडेसफिनान्सहोफ या सर्वोच्च कर न्यायालयाने 2017 मध्ये एका अनुवाद भागीदारीच्या प्रकरणात याच कारणावरून तसा निर्णय दिलेला आहे.

त्या प्रकरणात सगळीच मिळकत व्यापारी ठरली, कारण ती भागीदारी होती. एकट्या व्यक्तीला दोन्ही कामांचे हिशेब वेगळे ठेवता येतात, त्यामुळे तुमची मूळ मिळकत त्यात बुडत नाही. आणि 24,500 युरोंपर्यंतच्या नफ्यावर एकट्या व्यावसायिकाला व्यापारकर बसत नाही, म्हणजे करापुरते पाहिले तर तुमचे फार नुकसान नाही.

खरी अडचण कराची नाही. तुमच्या परवान्यात व्यापाराला परवानगी नाही, ही आहे.

सातबारा_उतारा | 3 सप्टेंबर

मी वेगळे मत मांडतो, राग नसावा. रक्कम लहान आहे. आजपासून ती कामे थांबवा, जुने उकरू नका आणि अर्ज अनुवादक म्हणून द्या. अधिकारी तमिळ बिले शोधत बसणार नाही.

कागदवेडा | 3 सप्टेंबर

सातबारा, अधिकाऱ्याला बिले शोधावी लागत नाहीत. तो जमाखर्चाचा उतारा मागतो आणि त्यात ‘इतरांकडून घेतलेल्या सेवांवरील खर्च’ अशी ओळ असते. अनुवादक बाईंनी दुसऱ्यांना हजारो युरो कशाबद्दल दिले, हा प्रश्न त्या ओळीतून आपोआप उभा राहतो. अर्जात एक आणि हिशेबात दुसरे, यापेक्षा वाईट काही नसते. माझ्या पाहण्यात कमी उत्पन्नामुळे नाकारलेले अर्ज थोडे आहेत. कागदांनी एकमेकांना खोटे पाडल्यामुळे अडकलेले पुष्कळ आहेत.

सातबारा_उतारा | 4 सप्टेंबर

ती ओळ माझ्या लक्षात आली नव्हती. मत मागे घेतो. पण मग नेमके करावे काय, तेही सांगा. विनापरवाना स्वयंरोजगार हा दंडनीय प्रकार आहे, आणि ‘मी चुकले’ असे लिहून देणे कोणालाही भीतीदायकच वाटेल.

हिशेबनीस | 4 सप्टेंबर

येथे मी थांबते आणि हे काम वकिलाचे आहे असे सांगते. सगळ्या मुदतवाढींना वकील लागत नाही, बहुतेकांना लागत नाही. पण आधीच घडून गेलेल्या गोष्टीबद्दल लेखी निवेदन द्यायचे असेल, तेव्हा त्यातले प्रत्येक वाक्य वकिलाच्या नजरेखालून जावे. मी हिशेबापुरते बोलते: दोन वर्षांच्या त्या कामांची वेगळी यादी करा, आधीची विवरणे दुरुस्त करावी लागतील का ते करसल्लागाराला विचारा आणि ती कामे आजच थांबवा.

आणखी एक गोष्ट, जी तुम्हाला आवडणार नाही. माझे पहिले गणित आता पुन्हा करावे लागेल. 3,100 वजा केले तर नफा 19,300 राहतो, महिन्याला सुमारे 1,608. विमा उत्पन्नावर ठरतो म्हणून तो 335 पर्यंत उतरेल आणि कर 51 च्या आसपास. उरतात 1,222. गरज 1,203.

ओंजळभर | 4 सप्टेंबर

एकोणीस युरो.

रात्रपाळी | 4 सप्टेंबर

एकोणीस का असेनात, रेघेच्या वरच आहेत. ऑक्टोबरची पुरवणी मात्र आता नुसती सोय राहिलेली नाही.

अर्धविराम | 5 सप्टेंबर

पुरवणीत केवळ आकडे देऊ नका. पुढच्या वर्षाच्या कामाची ग्राहकांकडून लेखी हमी घ्या. करार नसेल तर ‘आम्ही यांना महिन्याला अंदाजे इतके काम देऊ इच्छितो’ अशा अर्थाचे पत्रही चालते. कारखान्याच्या लेटरहेडवरचे असे एक पत्र दहा जुन्या बिलांपेक्षा जास्त बोलते, कारण मुदतवाढ पुढच्या काळासाठी असते.

आडवाट | 5 सप्टेंबर

आणि तीन महिने उलटूनही काहीच हालचाल झाली नाही, तर प्रशासकीय न्यायालयात दिरंगाईविरुद्धचा दावा, म्हणजे उंटेटिगकाइट्सक्लागे, दाखल करता येतो. कायद्यात तीन महिन्यांची मुदत दिलेली आहे. ओंजळभर यांच्या प्रकरणात मात्र मी घाई करणार नाही. ज्याच्या फायलीत समजावून सांगण्यासारखे काही आहे, त्याने शांतपणे समजावून सांगावे.

ओंजळभर | 21 नोव्हेंबर

मंडळी, इतके दिवस लिहिले नाही, क्षमस्व.

अर्ज 9 सप्टेंबरला ऑनलाइन केला. वकिलांनी दीड पानाचे निवेदन तयार केले: कोणत्या महिन्यापासून ती कामे घेतली, एकूण किती, कधी थांबवली, आणि थांबवल्यावर ग्राहकाला पाठवलेल्या पत्राची प्रत. सोबत पर्यायी विनंती जोडली की पुढे ही कामे करता यावीत म्हणून परवान्यातील व्यवसायाची व्याप्ती वाढवावी. ऑक्टोबरमध्ये नऊ महिन्यांचा जमाखर्च आणि एका कारखान्याचे पत्र दिले. यंदाचे नऊ महिने, तमिळ-गुजराती वगळूनही, गेल्या वर्षीपेक्षा चांगले आहेत.

14 नोव्हेंबर उलटली तरी उत्तर नव्हते. काल फिक्शनसाठी बोलावणे आले. समोरच्या गृहस्थांनी निवेदन वाचलेले होते, हे त्यांच्या पहिल्याच प्रश्नावरून कळले: तमिळ अनुवादाची गुणवत्ता तुम्ही कशी तपासत होता? मी म्हटले, तपासत नव्हते, तपासू शकत नव्हते, म्हणूनच थांबवले. त्यांनी काहीतरी टिपून घेतले आणि निर्णयाला अजून वेळ लागेल असे सांगितले. 13 युरो भरले, कागद घेतला आणि बाहेर येऊन आधी घरी फोन करून ‘येते आहे’ असे सांगितले.

आडवाट | 21 नोव्हेंबर

उत्तम. खूण तिसऱ्या चौकोनावर आहे ना?

ओंजळभर | 21 नोव्हेंबर

कागद उघडला. खूण पहिल्या चौकोनावर आहे.

कागदवेडा | 21 नोव्हेंबर

घाबरू नका. अर्ज मुदतीपूर्वीचा आहे, म्हणजे कायद्याने तुम्ही उपकलम 4 मध्येच आहात. चूक कागदाची आहे, तुमच्या स्थितीची नाही. पण विमान कंपनी आणि सीमा पोलीस कागदच पाहतात. 9 सप्टेंबरची पोचपावती, जुने कार्ड आणि हा कागद घेऊन सोमवारी दार उघडण्याआधी उभ्या राहा. टर्मिन मागू नका, ‘लेखनिकाची चूक दुरुस्त करायची आहे’ एवढेच सांगा. वकिलांनाही आजच ईमेल करा.

ओंजळभर | 24 नोव्हेंबर

सकाळी साडेसहाला दारात होते. तेच गृहस्थ भेटले. पोचपावतीवरची तारीख आणि कार्डावरची तारीख त्यांनी शेजारी शेजारी ठेवून पाहिली, मान हलवली आणि जुना कागद रद्दचा शिक्का मारून ठेवून घेतला. नवा कागद मी खिडकीपासून न हलता उघडला, तिसऱ्या चौकोनावर बोट ठेवले आणि त्यांना मोठ्याने वाचून दाखवायला सांगितले. त्यांनी वाचून दाखवला.